हृदय जाड का होतं, हे विचारणारी शेवंता

शाळेच्या दुपारच्या सुट्टीत शेवंताच्या भावाचा, किसनदादाचा फोन आला. "शेवंता गेली," एवढंच म्हणाला. मागून गाड्यांचा आवाज येत होता. तिला पुण्याहून आणणारी गाडी तांड्याचा रस्ता चुकू नये म्हणून तो वारंगा फाट्यावर जाऊन थांबला होता. आदल्या संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून घरी आली, खुर्चीत टेकली आणि तिचं हृदय बंद पडलं. ज्या हृदयाच्या स्नायूच्या अभ्यासात तिनं अर्धं आयुष्य घातलं, तेच.

शेवंता राठोड आणि मी आखाडा बाळापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. ती तांड्यावरून पायी यायची. आम्ही नववीत असताना तिचे वडील हळद शिजवण्याच्या कढईपाशी उभ्या उभ्या कोसळले. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी मात्र आधी एकदा सांगितलं होतं, यांचं हृदय जाड झालंय. दहाव्याचा विधी उरकून शाळेत आली तेव्हा शेवंतानं मला विचारलं, "बापू तर वाळून काटकी झालता. मंग त्याचं हृदयच काहून जाड झालं?" मला काय ठाऊक असणार? मी आज शाळेत विज्ञान शिकवते, पण तो प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला तो तिनंच.

पुढं पुण्याच्या एका संस्थेत ती हृदयाच्या पेशींचा अभ्यास करायला लागली. एका दिवाळीत माझ्या स्वयंपाकघरात चकल्या पाडता पाडता मी तिला म्हटलं, आता सांग बाई, काय करतेस तिथं. गावी आली की तिची बोलीही गावची होऊन जायची. म्हणाली, "पेशीच्या दारावर निरोप येतो, ताण वाढला म्हणून. आतले रेणू तो निरोप याच्या हातातून त्याच्या हातात देत पार केंद्रकापर्यंत नेतात. तिथं ठरतं, कोणतं जनुक चालू करायचं, कोणतं बंद. ताण हटलाच न्हाई, तर आईच्या पोटात असताना चालू असलेली, मागून झोपलेली जनुकं पुन्हा जागी होतात. पेशी संख्येनं वाढत न्हाईत, नुसत्या जाडावतात." मी विचारलं, "मग चूक कुणाची?" तिनं सोऱ्या खाली ठेवला. "तशी चूक न्हाई गं. हृदय सांभाळून घ्यायला बघतं. थांबावं कवा, ते त्याला कळत न्हाई. बापूच्या जनुकातच खोट असंल, म्हणून ताण नसला तरी निरोप जातच राहिला."

मग तिनं स्वतःची तपासणी करून घेतली. तिच्याही हृदयाची भिंत जाड निघाली. स्वतःसाठी तिनं गोळ्या सुरू केल्या आणि तडक तांड्यावर येऊन भावाच्या लेकरांना नांदेडला नेलं. थोरल्या पूजाच्या तपासणीत तोच दोष दिसला. पूजा तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे बाळापूरच्या रस्त्यानं धावायची. शेवंतानं सांगितलं, धावणं बंद. डॉक्टरही तेच म्हणाले. पण राग निघाला तो शेवंतावर.

"पोरगी पयली येऊन राहिली," किसनदादा ओरडला, "आन् तू काहून आडवी येतीस? बापूचं मरण तिच्या गळ्यात नको बांधू!"

"दादा," ती म्हणाली, "बापूला थांब म्हणणारं कुणी न्हवतं. तुझ्या लेकराला हाय."

पूजानं धावणं सोडलं आणि आत्याशी बोलणंही. शेवंता दर तपासणीला पुण्याहून यायची, मुक्या पोरीशेजारी एसटीत बसून नांदेडला जायची. एकदाच माझ्यापाशी म्हणाली, "तिचं धावणं मी हिसकून घेतलं, हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या बदल्यात काय टळलं, ते कुणालाच दिसणार न्हाई. मलाबी न्हाई..." पुढं पूजा शाळेच्या मैदानावर लहान मुलींना धावायला शिकवू लागली, आणि एका दिवाळीला तिनं आपणहून आत्याच्या ताटात पोळी वाढली. किसनदादा मात्र बहिणीशी त्या विषयावर पुन्हा बोललाच नाही. शेवंताला धोका कमी आहे, असं डॉक्टर म्हणत. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे आम्हाला तीच समजावून सांगायची.

आता शेवंता नाही, म्हणून परवा पूजाला तपासणीला मीच घेऊन गेले. भिंत होती तेवढीच आहे. तांड्यावर परतलो तेव्हा किसनदादा ओट्यावर बसला होता. शेवंताची एक सवय होती: गावी आली की दारातच प्रत्येकाचा हात हातात घ्यायची. तांड्याला वाटायचं, काय माया आहे! माया होतीच, पण तिची बोटं मनगटावर, नाडी बघत असायची. किसनदादानं डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं नाही. पूजाचा हात ओढून घेतला, मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"दादा, मोजताय काय?" मी विचारलं.

"मोजता कुठं येतं मला," तो म्हणाला. "चालू हाय, एवढं कळतंय."

पूजानं हात काढून घेतला नाही.