देवरावनं मोजलेलं टोपण

दोन हजार सतरा साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, तेव्हा ढाणकीचा वार्ताहर देवराव पाईकराव याच्या शब्दाला वजन होतं, अन् ते काही फुकट आलेलं नव्हतं. बाकीचे वार्ताहर टपरीवर चहा पीत 'शेकडो हेक्टर उद्ध्वस्त' लिहून मोकळे व्हायचे. हा बाबा शेतात जायचा, वीस बोंडं स्वतः फोडायचा, अळ्या मोजायचा, मगच पेन उघडायचा. बायको दीपा वैतागून म्हणायची, "बातमी लिवता का पंचनामा करता?"

त्या आठवड्यात कृषी खात्याचा सल्ला आला, फवारणीच्या पंपाला दहा मिली औषध. आता ढाणकीत मिली कोण मोजतं हो? सगळा कारभार बाटलीच्या टोपणानं. म्हणून देवरावनं नातवाच्या तापाच्या औषधाचं माप घेतलं अन् घरातल्या बाटलीचं टोपण पाण्यानं भरून त्यात ओतलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा पाच मिली. मग लोकांना समजेल असं लिहिलं, 'पंपाला दोन टोपणं'. बातमी नावासकट चौकटीत छापून आली.

दुसऱ्या दिवशी पेपर टाकायला तो कृषी केंद्रात गेला. पेपर वाटायचं कामही त्याचंच होतं. दुकानदारानं कात्रण काउंटरवर चिकटवलं होतं अन् शेजारी त्याच औषधाची लिटरची बाटली होती. तिचं टोपण हे एवढं मोठं! देवरावनं बाटली हातात घेतली. तिथंच मोजून पाहिलं, वीस मिली भरलं. वीस बोंडं फोडणाऱ्या शहाण्यानं टोपण मात्र एकाच बाटलीचं मोजलं होतं, अन् ती होती पाव लिटरची. म्हणजे मोठी बाटली घेणारा चौपट औषध मारणार. अन् त्या साली तर फवारता फवारता माणसं पडत होती, डोळे जाऊन दवाखान्यात भरती होत होती.

त्यानं लगेच यवतमाळला फोन लावला. पेपरातली निकिता बिचारी मालकाला विचारून आली. "देवरावजी, दुरुस्ती छापायची नाही म्हणतात. उद्या कुठे काही झालं तर आपणच आपली चूक लिहून दिल्यासारखं होईल."

"अवं पण माणसं मरतीन! माह्या नावानं छापा."

"नाव तुमचं आहे हो, पण पेपर त्यांचा आहे." फोन कट झाला.

देवराव सायकल दामटत किसनरावच्या वावरात गेला. तिथला फवारणीचा मजूर डोमाजी त्याच्या लहानपणचा सोबती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लिटरची बाटली उघडी ठेवून तो पहिलाच पंप भरत होता.

"थांब! दोन टोपणं टाकू नको. अर्धंच टाक. माही चूक झाली."

डोमाजी हसला. "तुही चूक? कायले गंमत करून राह्यला?"

"गंमत नाही रे बाबा, खरंच चुकलो."

आता डोमाजीचं हसू गेलं. "हे पाय, किसनरावनं पेपर पाहूनच औषध देल्लं. म्या कमी मारलं अन् अळी राह्यली तर तो मले धरन. तोंडी बोलणं मी नाही मानत. छापलेलं दाखव."

त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कात्रण काढलं. त्याला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं, सकाळी सून पायलनं वाचून दाखवलं होतं.

"घे, वाच. काय लिवलं हाय त्याच्यात?"

देवरावनं कात्रण हातात घेतलं. वर त्याचंच नाव होतं. बातमीदारीच्या सव्वीस वर्षांत कुणाला एक अक्षर खोटं वाचून दाखवलं नव्हतं त्यानं.

"पंपाला," तो वाचू लागला, "अर्धं टोपण."

"मंग असं सांग ना लेका! त्या पोरीले धड वाचताही येत नाही. घरी गेल्यावर पायतो तिले."

पायलनं बरोबर वाचलं होतं, हे देवरावला सांगता आलं नाही. डोमाजीनं अर्धं टोपण मोजून पंपात टाकलं, पंप पाठीवर घेतला अन् निश्चिंत मनानं कपाशीच्या तासात शिरला.

देवराव धुऱ्यावर उभा राहिला, कात्रण तसंच हातात. ढाणकीत रोज एकशे चाळीस पेपर तोच टाकायचा, अन् त्या घरांतल्या माणसांना वाचता येत होतं.