आम रस्ता

कचेरीसमोर बसून अर्ज लिहिणाऱ्याकडं किस्से किती साचतात, याचा आत बसलेल्या साहेबांना पत्ता नसतो. अर्ज शिक्का मारून आत जातो. अर्ज सांगताना माणूस जे बोललं, ते मात्र आमच्याच टेबलावर राहतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीबाहेर, लिंबाखाली आमची तीन टेबलं आहेत. एकावर मी, दुसऱ्यावर शकुंतला नावाची टायपिस्ट आणि तिसऱ्यावर गफ्फारचाचा. चाचांनी सत्तरी ओलांडली. निजामाच्या काळचे उर्दू कागद वाचणारे आमच्याकडं आता ते एकटेच उरलेत. हसवणारे किस्से आमच्याजवळ पुष्कळ आहेत, पण मला राहून राहून दगडाबाईंचेच आठवतात. त्यांच्या गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझं जाणं-येणं आहे.

*

दगडाबाई पहिल्यांदा आल्या त्या उभ्यानंच बोलल्या. त्यांचा नवरा भर पावसाळ्यात वारला होता. स्मशानाकडं जाणारी वाट साहेबराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून जाते आणि तिथं त्यानं लोखंडी फाटक बसवलेलं. गावातली बाकीची मयत आली की फाटक उघडायचं. बौद्ध वस्तीतली आली की किल्लीच सापडायची नाही! शेवटी वस्तीतल्या माणसांनी तिरडी खांद्याच्या वर धरली आणि नाल्यातल्या कमरेएवढ्या पाण्यातून नेली.

"मपली पाळी आली तं मला पान्यातून न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या वाटंनं न्यायचं. लिव्हा."

मी कॉम्प्युटरवरचा ठरलेला मसुदा उघडला, नाव-गाव भरलं आणि वाचून दाखवलं. शेवट नेहमीचाच होता. साहेबांनी कृपा करून रस्ता खुला करावा व अर्जदारास उपकृत करावे, ही नम्र विनंती.

"किरपा काहून?" दगडाबाईंनी विचारलं. "वाट साहेबाच्या घरची हाय का?"

इतकी वर्षं हजारदा टाइप केलेलं ते वाक्य मला कुणी खोडायला लावलं नव्हतं. खरं सांगतो, मला लाज वाटली. मी 'कृपा' काढली, 'हक्क' घातला, 'विनंती'ची 'मागणी' केली.

आतला कारकून म्हणाला, "फॉरमॅट चुकलाय."

मी म्हटलं, "आत्ता कुठं बरोबर झालाय!"

*

सुनावणीच्या पहिल्या तारखेला शिपायानं दारातून यादी वाचली. साहेबरावांना "या, साहेबराव" झालं. पाठोपाठ हाळी आली, "दगडे! ए दगडे!"

 पुढच्या कागदावर शकुंतलानं ठळक अक्षरात 'श्रीमती दगडाबाई' असं टाइप केलं आणि शिपायाला जाऊन सांगून आली, "जसं लिहिलंय तसंच वाचायचं."

दुसऱ्या तारखेला शिपाई ओरडला, "श्रीमती दगडाबाई!"

दगडाबाई जागच्या हलल्या नाहीत. उलट मागं वळून बघायला लागल्या.

"मावशी, तुम्हालाच बोलावतायत," शकुंतला म्हणाली.

"मला? मला वाटलं कोन्या साहेबाची बायको आली!"

आम्ही सगळे हसलो. त्या मात्र दारापर्यंत गेल्या, शिपायासमोर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबा, आनिक एकडाव म्हन."

*

शकुंतलाच्या ड्रॉवरमध्ये घटनेचं पुस्तक असतं. एका दुपारी दगडाबाईंनी तिला सतराव्या कलमाचा अर्थ सांगायला लावला. अस्पृश्यता संपवली आहे आणि ती कुठल्याही रूपात पाळायला बंदी आहे, असं शकुंतलानं सोपं करून सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच, मावशी. एवढ्याशा ओळीसाठी पिढ्या झिजल्या."

तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा आला. गफ्फारचाचांना जुनी टपरी आठवली, वस्तीतल्या माणसांसाठी बाहेर खिळ्याला टांगलेला वेगळा कप आठवला. "अब देखो, सबको एकच कागज का कप!" चाचा म्हणाले.

दगडाबाईंनी चहा संपवला, कप चुरगाळून डब्यात टाकला. "बराबरी आली म्हना की," त्या म्हणाल्या. "पन पिऊन फेकायची!"

*

रामधन नाईक जवळच्या तांड्याचे म्हातारे पुढारी. तांड्याची वेगळं गाव म्हणून नोंद व्हावी, म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज देतात. आतून दर वेळी विचारणा होते, तांडा नकाशात कुठं आहे?

"आमचे वाडवडील बैलावर मीठ लादून मुलूख फिरले, तवा नकाशाच नव्हता," ते मला सांगत होते. "आता नकाशा हाय, तं आमी न्हाई!"

शेजारी बसलेल्या दगडाबाईंनी कान टवकारले. "नाईक, ते बैल आमच्या गावावरून कोन्या वाटंनं जायचे?"

"साहेबरावाच्या रानातूनच की. दुसरी वाट होती कुठं?"

असा आम्हाला साक्षीदार मिळाला.

*

पण साक्षीवर भागेना. साहेबरावांच्या वकिलानं त्या वाटेच्या निजामकाळच्या नोंदीची मराठी नक्कल काढली. तिच्यात 'आंब्याचा रस्ता' असं होतं. साहेबराव म्हणाले, "मपल्या रानात आंबा कधी नव्हताच. मंग हा रस्ता मपल्या रानातला कसा?"

आंबा तिथं नव्हता, हे खरंच होतं. रामधन नाईकांनाही ते कबूल करावं लागलं. दगडाबाई बाहेर येऊन लिंबाखाली मटकन बसल्या. "एका आंब्यापायी मला बी पान्यातूनच नेतेत का काय?"

गफ्फारचाचांनी चष्मा पुसला. "असल उर्दू कागद कुठंय? तो मागवा."

पुढच्या तारखेला कागद आला. चाचा भिंग घेऊन साहेबांसमोर वाकले आणि बराच वेळ सरळच झाले नाहीत. आमचा जीव टांगणीला लागलेला.

"साहेब, उर्दूत आम दोन," अखेर ते म्हणाले. "अलिफ अक्षरानं सुरू होतो तो आंबा. ऐननं सुरू होतो तो समद्यांचा. इथं ऐन हाय."

झालं होतं ते असं. कुणीतरी उर्दूतला 'आम रास्ता' नागरीत जसाच्या तसा उतरवला. नागरीत दोन्ही आम सारखेच दिसतात. त्याच्या पुढच्यानं त्याची मराठी केली!

साहेबांनी खात्री करायला पुन्हा विचारलं. चाचांनी कागदावर बोट ठेवलं. "हा आम खायचा न्हाई साहेब, चालायचा हाय!"

फाटक काढण्याचा हुकूम झाला. बाहेर आल्यावर चाचांचे डोळे भरून आले होते. उमरभर उर्दू वाचली, आज एक अक्षर कामाला आलं, एवढंच ते म्हणाले.

*

दगडाबाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांना त्याच वाटेनं नेलं. आम्ही तिघंही गेलो होतो. वाट किती जवळची आहे, हे चालताना कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

पण सांगायचा किस्सा त्याच्या आधीचा आहे. फाटक निघालं त्याच आठवड्यात दगडाबाईंनी आम्हा तिघांना गावी बोलावलं. पांढरं स्वच्छ लुगडं नेसून, आम्हाला फाटकाच्या जागी थांबवून त्या एकट्याच त्या वाटेनं स्मशानापर्यंत चालत गेल्या आणि तशाच चालत परत आल्या. फाटकाचा खांब उपटलेला खड्डा अजून उघडाच होता. तिथं त्या बसल्या, पिशवीतून आंब्याचं रोप काढलं आणि खड्ड्यात लावलं.

साहेबराव बांधावर उभे होते.  न राहवून त्यांनी विचारलं, "दगडाबाई, ह्याला आंबे लागल्यावर खायचे कोनी?"

दगडाबाईंनी रोपाभोवतीची माती दाबून घेतली. वर न बघताच म्हणाल्या, "ते गफ्फारभाईला इचारा. कागुद त्यायनं वाचलाय."