लालासाहेबांचा रोग सुटला

इलियासभाई शिकलगारांचा खालचा ओठ फाटला तो माझ्या शुद्ध उच्चारामुळे.

पाटणच्या लालासाहेबांना आपल्या शर्यतीच्या खोंडासाठी, ऐकूनच समोरच्याची पाचावर धारण बसेल असं इंग्रजी नाव हवं होतं. मी इंग्रजीचा मास्तर. व्हॉट्सअ‍ॅपवर स्पेलिंग पाठवून दिलं: आर-ओ-जी-यू-ई. म्हणजे बदमाश. कळपातून फुटून माणसं तुडवत सुटलेल्या हत्तीलाही साहेब लोक हेच म्हणतात. लालासाहेबांनी ते मोठ्या अक्षरात झुलीवर काढून घेतलं.

विट्याजवळच्या माळावर शर्यत होती आणि माईकवर इलियासभाई. पहिल्या फेरीत त्यांनी झूल वाचून ‘रोग्यू’ पुकारलं. माझ्यातला मास्तर तळमळला. स्टेजवर चढून मी त्यांच्या कानात म्हणालो, "भाई, शेवटची दोन अक्षरं मुकी आहेत. नुसतं रोग."

"नक्की का, सर? अंगावर यील हां."

"डिक्शनरीत बघा!"

त्यांनी माईक तोंडाशी धरला. "सुटला रं सुटला! लालासाहेबांचा रोग सुटला! आला, माळावर रोग आला!"

समोरच्या निम्म्या माणसांच्या दावणी लम्पीच्या साथीनं ओस पडल्या होत्या. कुणीतरी किंचाळलं, "लम्पी आली! बैलं पळवा!" बैल ओढत सगळे टेंपोकडे सुटले. दोन छकडे एकमेकांत घुसले, एकाची मांडी फाटली. ज्यांचा बैलांशी काही संबंध नव्हता त्यांनी बांधाची जुनी भांडणं काढून एकमेकांची टाळकी फोडून घेतली. लालासाहेब जुवातली शिवळ, बैलाच्या मानेजवळची लाकडी खुंटी, उपसून स्टेजवर आले.

"माझ्या लेकराला रोग म्हंतोस?"

शिवळ भाईंच्या तोंडावर बसली. ‘उच्चार बरोबर आहे’ म्हणायला मी तोंड उघडलं, तर शिवळ माझ्याकडं वळली. मी व्याकरण आवरतं घेतलं.

इलियासभाई एरवी विट्यात कोयत्यांना धार लावतात. शिक्षण सातवी. तरण्या पोरांनी बैलांना इंग्रजी नावं ठेवायला सुरुवात केल्यापासून त्यांचं इंग्रजी मात्र अंगावर उमटत गेलंय. डाव्या भुवईवरचा व्रण म्हणजे ‘सायको’. भाईंनी ‘पिसायको’ पुकारलं आणि मालकानं खुर्ची फेकली. वाकडी करंगळी म्हणजे ‘केऑस’, अर्थात अंदाधुंदी. त्याचं त्यांनी ‘चावस’ केलं, तर मालक खरोखरच चावला. ते दोन उच्चार ते पुन्हा कधी चुकले नाहीत. माझ्या वर्गात इतकं पक्कं अजून कुणाचं झालेलं नाही.

लम्पी नाही, नुसतं नाव आहे हे कळल्यावर दंगल शमली आणि फायनल आली. कमिटीचे नानासो येऊन बोलले, "इलियास, आता नीट पुकार. न्हाईतर माईक ठिव, कायमचा."

भाईंचा चेहरा पडला. मला म्हणाले, "सर, माईक हाय म्हणून गाव भाई म्हंतंय. त्यो गेला की मी निस्ता धारवाला."

खाली लोकांच्या हातात दगड. "पुन्यांदा रोग म्हण, मग बघ!" शेजारी लालासाहेब शिवळ घेऊन. "माझ्या पाखराचं नाव गाळलंस तर जित्ता गाडीन!" मी दबक्या आवाजात म्हणालो, "भाई, खरा उच्चार पण…"

त्यांचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं. मी बसलो.

"पाटणच्या लालासाहेबांचा… रोग्यूऽऽ!"

दगड खाली पडले, टोप्या वर गेल्या. खोंडानं मात्र नावाला जागून निशाणवाल्यालाच शिंगावर घेतलं आणि फायनल मारली. लालासाहेबांनी त्याच शिवळीच्या हातानं भाईंना मिठी मारली. ओठातून पुन्हा रक्त आलं.

दवाखान्यात भाईंच्या ओठाला टाके पडले. मला राहवेना. म्हटलं, "भाई, पुढच्या शर्यतीला मी तुमच्याजवळ उभा राहतो, उच्चार सांगायला."

भाई रक्त थुंकले.

"ऱ्हावा की, पर माझ्या म्होरं."