फौजदारसाहेबांचा स्वतःचा जबाब

महाळुंगे पडवळमध्ये स्वतःच्या बायकोचा जबाब नोंदवून घेतलेला माणूस एकच झाला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. लोणच्याची बरणी फुटली होती. वहिनी म्हणाल्या, मांजरानं पाडली. एवढ्यावर संसारी माणूस केरसुणी शोधतो. फौजदारसाहेबांनी चष्मा शोधला, तुकड्यांभोवती खडूनं रेघ मारली आणि पंच म्हणून मला आणि किराणा दुकानाच्या शेठजींना बोलावणं धाडलं. गावात शाळामास्तर आणि दुकानदार एवढे दोघेच प्रतिष्ठित असतात असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे त्यांच्या घरच्या प्रत्येक पंचनाम्याखाली आमच्याच सह्या. तेल वाहत उंबऱ्यापर्यंत आलं तरी वहिनींना पुसायची परवानगी नव्हती. "पुरावा हाय तो," साहेब म्हणाले. "मग आज पुरावाच जेवा," असं वहिनींनी सुनावलं, तेव्हा कुठे तपास आटोपला.

तालुक्याच्या ठाण्याचे मुख्य म्हणून साहेब निवृत्त झाले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेती करायला गावी आले, पण वर्दी काही मनातून उतरली नव्हती. सकाळी काठी काखेत मारून ते गोठ्यात जात आणि गुरांची हजेरी घेत. पाहुणा आला की पाणी नंतर, आधी चौकशी. एकदा थोरल्या जावयाला त्यांनी दारातच धरलं. "जावईबापू, मंचरहून कुठल्या यष्टीनं निघालात?" जावई म्हणाले, साडेदहाच्या. साहेब शांतपणे म्हणाले, "ती आज आलीच न्हाई." बिचारे जावई वाटेत कळंबला मित्राकडे भजी खात बसले होते. त्यांनी ते कबूल केलं, आणि पुढची दोन वर्षं बायकोला न्यायला-आणायला धाकट्या भावाला पाठवलं.

माणसावर त्यांनी कधी हात उचलला नाही, हे मात्र त्यांच्यावर खार खाणारेही सांगत. "मारायचं कशाला? बोलू द्यायचं. खोटं बोलणारा लई बोलतो," ही त्यांची पद्धत. या पद्धतीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता, आणि तिनंच त्यांचा घात केला.

एका सकाळी वहिनींची शेळी गोठ्यातून नाहीशी झाली. दावं तुटलेलं, आणि दाराशी चिखलात सोपानची चप्पल. सोपान पलीकडच्या वावरातला, भिडस्त माणूस. पहाटे विहिरीवरची मोटार चालू करायला जाताना चप्पल रुतली, ती तिथंच सोडून तो अनवाणी पुढे गेला होता. साहेबांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि बोलू दिलं. सोपान घाबरून इतका बोलला, की शेळीपासून निघून आजोबांच्या दम्यापर्यंत जाऊन पोहोचला. साहेबांनी माझ्याकडे बघून अर्थपूर्ण मान हलवली. पंचनामा झाला. शेठजींनी सही केली, मीही केली. तक्रार वगैरे कोणी दिली नाही, पण गावाला तेवढं पुरतं. त्याच आठवड्यात सोपानच्या थोरल्या मुलीला बघायला अवसरी खुर्दचे पाहुणे यायचे होते. त्यांचा निरोप आला, "सध्या थांबू." सोपानच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

चौथ्या दिवशी शेजारचा ऊस तोडताना शेळीचं घुंगरू सापडलं, हाडं सापडली आणि ओल्या मातीत बशीएवढे पंजेही सापडले. बिबटे तेव्हा आमच्याकडच्या उसात नुकते मुक्कामाला येऊ लागले होते, आणि साहेबांच्या अख्ख्या नोकरीत चार पायांचा संशयित कधी आला नव्हता. गाव पोट धरधरून हसलं. "साहेब, आता बिबट्याला वट्यावर बसवा," असं पारावरून कोणी तरी म्हणालं. साहेब ऐकून खाली मान घालून निघून गेले. दोन दिवस ते पाराकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून ते ग्रामपंचायतीसमोर उभे राहिले. सोपानला शेजारी उभं केलं आणि कागद काढून खणखणीत आवाजात वाचला, "मी, वय वर्षे बासष्ट, धंदा शेती, समक्ष हजर राहून जबाब देतो की, सोपानवर मी खोटा आळ घेतला. त्याचा काहीएक दोष नाही." मग त्याला घेऊन ते यष्टीनं अवसरीला गेले आणि पाहुण्यांच्या ओसरीवर तोच जबाब पुन्हा वाचला. पाहुणे इतके गडबडले, की चहा यायच्या आत त्यांनी मुलगी बघायचा दिवस ठरवला. परतताना गाडीत काय झालं ते सोपान सांगतो. साहेब म्हणाले, "सोपाना, तू एवढा बोललास कशाला रं?"

"भ्यालो व्हतो, साहेब."

"व्हय. ते मला कळायला पायजे व्हतं."

मुलीचं लग्न झालं. साहेब जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. जबाब वाचायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले होते. "मास्तर, पंच तुमी व्हता. गोठ्यामागं तुमाला काय दिसलं व्हतं का?"

मला दिसलं होतं. उसाकडे काही तरी ओढत नेल्याची रेघ होती, आणि तिच्या कडेला पंजेही होते. पण साहेबांना कोण सांगणार, म्हणून मी सही करून मोकळा झालो होतो.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

उभी हयात लोकांचं खोटं ऐकण्यात गेलेला माणूस तो. माझ्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. रागावले नाहीत. "बरं," म्हणाले, "मग माझ्या एकट्याचाच जबाब लिहितो."

सोपान अजून वाटेत भेटला की मला हात जोडतो. मला तेव्हा फार लाज वाटते, आणि साहेबांची फार आठवण येते.