पोरीच्या नावावरचं मशीन

माझ्या वहिनीला 'नाही' म्हणता येत नाही. हा मोठा गुण आहे असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि मानणारच की, त्यावरच तर सगळ्यांचं चाललंय. तिचं शिलाई मशीन शेजारणीकडे गेलं ते तिथंच रुळलं. पाहुण्यांसाठी केलेली नवी गादी माझ्या धाकट्या भावानं नेली, आता तिच्यावर त्याचं कुत्रं झोपतं. मी नणंद. नणंदेनं वहिनीवर चिडायचं असतं म्हणे. मी जन्मभर चिडले ती तिच्या वतीनं, माझ्याच दोन भावांवर.

मोठा, म्हणजे दादा, तिचा नवरा. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासतो. जगात त्याला एकच भीती, धाकट्याला काय वाटेल. धाकट्याचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, अल्बम, व्हिजिटिंग कार्डं, असलं सगळं करतो. तोंडानं भलताच गोड.

वहिनीची लेक आर्किटेक्चरला गेली. युनिव्हर्सिटीतल्या दुकानात विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर जवळपास निम्म्या किमतीत मिळतो, आणि बाहेर ज्याची किंमत ऐकून घेरी येईल ते सॉफ्टवेअर त्यांच्या खात्यावर जवळजवळ फुकट. वहिनीनं त्यासाठी पैसे बाजूला काढलेच होते. ही बातमी धाकट्याच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी स्वारी केक घेऊन हजर. पहिली दोन वर्षं पोरं हातानंच चित्रं काढतात म्हणे, एवढं भारी मशीन नुसतं धूळ खाईल. तोवर मी वापरतो, हिला लागेल तेव्हा लगेच परत. दादानं माझ्याकडे न बघता मान डोलावली. वहिनी 'बरं' म्हणाली. मी म्हटलं, अरे, पैसे वहिनीचे, सवलत पोरीची, आणि मशीन तुझ्या टेबलावर? तर हसून म्हणतो कसा, ताई, तू ना, सगळ्यात खोट काढतेस.

झालं. मशीन पोरीच्या नावावर निघालं आणि सरळ स्टुडिओत गेलं. त्यातलं सॉफ्टवेअरही तिच्याच खात्यावर चालायचं. दर वर्षी ते पुन्हा पासवर्ड मागायचं, की आलाच धाकट्याचा फोन, पाठवा जरा तिला. पोरगी मुकाट्यानं जायची, पासवर्ड टाकून यायची. काका तिला साधा चहासुद्धा विचारायचा नाही. इकडे ती स्वतः कॉलेजच्या लॅबमध्ये रांगेत उभी, आणि लॅब बंद झाली की कुणा मैत्रिणीच्या खोलीवर.

शेवटच्या वर्षी मोठं प्रोजेक्ट आलं. एक अख्खी शाळा उभी करायची कागदावर. वर्ग, जिने, खिडक्या, कुठल्या वर्गात उजेड कुठून येणार, सगळं. घरात मशीन नसेल तर ते होणारच नव्हतं, आणि नाही झालं तर वर्ष वाया. पोरीनं काकाकडे मागितलं. काका म्हणाला, सीझन संपू दे. त्याचा सीझन कधी संपत नाही. शेवटी वहिनीनं पुन्हा कुठून कुठून जमवाजमव केली, म्हणाली, जाऊ दे, सवलतीत दुसरं घेऊ.

मी पोरीबरोबर युनिव्हर्सिटीतल्या दुकानात गेले. खिडकीतल्या माणसानं तिचं कार्ड पाहिलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. पदवी होईपर्यंत एका विद्यार्थ्याला एकच मशीन, आणि तुमचं तर तुम्ही पहिल्याच वर्षी नेलंय. त्याचं काही चुकत नव्हतं. पोरगी त्याला थँक्यू म्हणाली. त्या थँक्यूनं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचीच लेक! बाहेरच्या किमतीत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

घरी पोचलो तर वहिनी फोनवर. पलीकडे धाकटा. सॉफ्टवेअर अडलंय, पासवर्ड मागतंय, गिऱ्हाईक खोळंबलंय, पाठवा जरा तिला. मी तिथल्या तिथे खिडकीवरची सगळी हकीकत सांगितली, एका दमात, चार शिव्यांसकट. वहिनीनं फोन छातीशी धरून ऐकून घेतलं. मग फोन कानाला लावून म्हणाली, "भाऊजी, मीच घेऊन येते तिला."

मला वाटलं, गेली पुन्हा शरण. मी तणतणतच चपला घातल्या. मग पाहिलं, तिनं कपाटातून जाड चादर काढली आणि घडी करून काखेत मारली.

स्टुडिओत एक गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं होतं. वहिनी सरळ आत टेबलापाशी गेली. पोरीला म्हणाली, कुठली वायर कुठली ते तूच काढ, मला कळत नाही. पोरीनं आधी पासवर्ड टाकून काकाच्या गिऱ्हाइकांचे फोटो त्याच्या डिस्कवर उतरवून दिले. मला तेवढंही बघवेना. मग तिनं प्लग काढला. तोवर धाकटा हसत होता. आता त्याचा चेहरा पडला.

"वहिनी, अहो, गिऱ्हाईक उभंय."

वहिनीनं मशीन गुंडाळायला चादर पसरली. आवाज जराही चढवला नाही. "त्यांना सांगा, मशीन पुतणीचं होतं, ती घेऊन गेली."

धाकटा माझ्याकडे वळला, ताई, तू तरी सांग काहीतरी. मी सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गिऱ्हाइकानं आमच्यासाठी दार उघडून धरलं.

घरी जेवणाचं टेबल खिडकीजवळ ओढून त्यावर मशीन मांडलं. पोरगी लगेच कामाला बसली. दिवस मावळायच्या आत दादा आला. धाकट्याचा फोन त्याला आधीच पोचला होता. बूटसुद्धा न काढता तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला. "अगं, काय केलंस हे? त्याला काय वाटलं असेल?"

वहिनी कणीक मळत होती, तशीच त्याच्याकडे वळली. "लग्न झाल्यापासून तुम्ही हेच विचारताय. एकदा तरी विचारा, हिला काय वाटलं."

दादानं पोरीकडे पाहिलं. विचारायचं कसं ते त्याला कळेना. कधी विचारलंच नव्हतं. पडद्यावर तिच्या शाळेचा एक वर्ग होता. ती मागे न वळता म्हणाली, "बाबा, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."