सरळ चालणारा खेकडा

माउंट रॉस्किल उपनगरातल्या शनिवारच्या बाजारात एक जपानी म्हातारा जुनी खेळणी विकायचा. सगळी एकाच कंपनीची, आणि मांडणीही कंपनीच्या इतिहासाप्रमाणे: आधी पत्ते, मग पत्र्याच्या मोटारी, मग प्लॅस्टिकच्या बाहुल्या, शेवटी बटणांचे गेम. प्रत्येक वस्तू तो रुमालाने पुसून पुन्हा तिच्याच जागी ठेवायचा.

मला त्यातला पत्र्याचा खेकडा आवडला. किल्ली दिली की तो आडवा न जाता सरळ चालायचा. मी फोनवर कंपनीचा इतिहास शोधला. त्यात खेकडा कुठेच नव्हता.

"नकली माल आहे. अर्ध्या किमतीत द्या," मी आवाज चढवला.

"नकली नाही. मीच बनवला होता," तो शांतपणे म्हणाला. "सरळ चालतो म्हणून दुकानांनी परत पाठवला. मग कंपनीने त्याचं नावच काढलं नाही."

माझंही असंच झालं होतं. जवळच्या हिल्सबरो भागातलं माझं आधीचं दुकान मी शून्यातून उभं केलं. भागीदाराने मला बाहेर काढलं आणि वेबसाइटवरच्या 'आमचा प्रवास'मध्ये माझा उल्लेखही ठेवला नाही. तो राग अजून गेलेला नाही. मी पूर्ण किंमत पुढे केली. त्याने अर्धीच घेतली.

"कोणी विचारलं, तर कोणी बनवला ते सांगा. बास."

पुढच्या शनिवारी तो आला नाही, नंतरही कधी दिसला नाही. आता खेकडा माझ्या नव्या दुकानाच्या काउंटरवर असतो. गिऱ्हाइकं विचारतात, "कोणी बनवलाय हो?" मी खेकड्याला किल्ली देतो. भाव करण्याच्या नादात म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.