क्रूसाच्या डावीकडचं दुसरं घर

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी जराशी चढले होते, हे आधीच कबूल करते. अंधेरीच्या आमच्या गावठाणातल्या ज्या गोष्टींना मी तोवर कटकट म्हणत होते, त्या प्रत्येकीला पुस्तकात नाव होतं. मोडली तर लोक नुसते हसतात ती लोकरीती, मोडली तर तोंड फिरवतात ती लोकनीती. एका फ्रेंच विचारवंताचं म्हणणं होतं की समाज आपल्या बाहेर असतो आणि आपण त्याच्या विरुद्ध गेलो की त्याचा दाब कळतो. मी हे जेवताना मम्मीला समजावून सांगायची. ती म्हणायची, "बरं. आता कालवण घे."

मग कॉलेजात बाईंनी काम दिलं. आपल्याच वस्तीचं सहभागी निरीक्षण करायचं, म्हणजे तिथे राहून, मिसळून बघायचं. एक नियम निवडायचा आणि तो मोडणाऱ्याचं काय होतं ते लिहायचं. नावं मात्र घालायची नाहीत, माणसाची ओळख लपली पाहिजे, हे बाईंनी दोनदा बजावलं.

नियम शोधायला मला लांब जावं लागलं नाही. टॉवरांच्या मधोमध आमची चाळीसेक कॅथलिक घरं उरलीत. गावठाणाच्या सभेत ठरलं होतं की बिल्डरच्या माणसाशी कोणी एकट्याने बोलायचं नाही. जो बोलेल तो आपला नाही. आणि तो नियम कोणी मोडला हे मला माहीत होतं. शेजारच्या मावशीनेच सांगितलं होतं. ती नात्याची नव्हे, पण माझं अर्धं बालपण तिच्या स्वयंपाकघरात गेलं. एका दुपारी कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "आमचा माणूस बिल्डरकडे जाऊन आला गं. गुडघे गेलेत त्याचे. जिना बसून उतरतो, पोरासारखा. लिफ्टचं घर मिळेल म्हणून गेला. कोणाला बोलू नकोस."

मी बोलले नाही, लिहिलं. "क्रूसाच्या डावीकडच्या दुसऱ्या घरातील कुटुंबप्रमुखाने गटाचा नियम मोडून बाह्यगटाशी संपर्क साधला आहे." गुडघ्यांचं काही लिहिलं नाही. मला नियम दाखवायचा होता, गुडघे त्यात कुठे बसवणार? करणारा आपल्या करणीचा काय अर्थ लावतो ते आधी समजून घ्या, असं एक जर्मन विद्वान सांगून गेलाय. तो धडा आम्हाला दुसऱ्या सत्रात होता.

नाव घातलं नाही याचं मला केवढं कौतुक! गावठाणात क्रूस एकच आणि त्याच्या डावीकडे घरं तीन. मी ओळख लपवली नव्हती, पोस्टाचा पत्ता लिहिला होता.

बाईंना निबंध फार आवडला. त्यांनी तो वर्गात मोठ्याने वाचला आणि मी मान खाली घालून खुशीत ऐकत बसले. मागच्या बाकावर आमच्याच गावठाणातली एक मुलगी होती. तिने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळच्या आत गावठाणाच्या ग्रुपवर टाकलं. तिनेही कौतुकानेच टाकलं असावं. मी घरी पोचले तेव्हा मम्मी दारातच उभी होती. "काय करून बसलीस तू?" एवढंच म्हणाली.

भांडण झालं नाही, तेच वाईट होतं. कोणी मावशीच्या दारात जाऊन ओरडलं असतं तर तिनेही चार शब्द सुनावले असते. तसं काही झालं नाही. ती नळावर आली की बोलणं थांबायचं, ती गेली की सुरू व्हायचं. वर दोन म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं लिहिलंस, घरभेदी कळला तरी." मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती, कारण चौथ्या दिवशी क्रूसापाशी प्रार्थना करायची पाळी मावशीच्या घराची होती.

मे महिन्यात आमच्याकडे रोज एक घर क्रूसापाशी लदीन करतं. लदीन म्हणजे येशूच्या आईची, मारियेची, लांबलचक विनवणी. पाळीच्या घराने एकेक ओळ म्हणायची आणि जमलेल्या सगळ्यांनी "आमच्यासाठी विनंती कर" असं उत्तर द्यायचं. मग उकडलेले चणे वाटायचे. अबोला असला तरी माणसं लदीनला येतात. तिथेही कोणी आलं नाही, तर त्या घराने समजायचं काय ते.

त्या संध्याकाळी मम्मीने दाराला आतून कडी घातली. "उद्या आपली पाळी आहे. आज तू तिथे दिसलीस तर उद्या आपले चणे कोण खाणार?"

"माझ्यामुळे झालंय ना हे?"

"म्हणूनच जाऊ नकोस."

मी कडी काढली आणि गेले.

मावशीने क्रूसाला झेंडूची माळ घातली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या. तिचा नवरा, आमचे काका, खुर्चीवर बसले होते, बाजूला चण्याचं मोठं पातेलं, नेहमीच्याच मापाचं. बाकी कोणी नव्हतं. समोरच्या घरांच्या खिडक्यांत दिवे होते, पडदे ओढलेले.

मला बघून ती म्हणाली, "बघायला आलीस?"

"नाही मावशी. उत्तर द्यायला आले."

"वही कुठाय?"

"नाही आणली."

"तुझी वही डोक्यात असते." तिने कललेली मेणबत्ती सरळ केली. "राहायचं तर राहा. पण डोळे मिट. मला तू बघितलेलं नको."

मी डोळे मिटले. तिने सुरुवात केली आणि मी उत्तर दिलं. चाळीस घरांनी द्यायचं उत्तर एकट्या गळ्यातून किती बारीक निघतं ते मला तेव्हा कळलं. मध्येच चपला वाजायच्या, कोणीतरी आमच्या मागे येऊन थांबायचं, मग चपला पुढे जायच्या. प्रत्येक वेळी वाटायचं, आता दुसरा आवाज येईल. आला नाही. काकांचाही नाही, ते रडत होते, ते डोळे मिटूनही कळत होतं. शेवटची ओळ झाल्यावर मावशीने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी. पंधरा-वीस माणसं आली, नेहमीपेक्षा कमी, पण आली. मम्मीने पहिली ओळ म्हटली आणि मागून मावशीचा आवाज आला, खणखणीत, सगळ्यांच्या वर. आजूबाजूच्या बायका थोड्या सरकल्या. ती जागची हलली नाही. एकही ओळ न गाळता तिने शेवटपर्यंत उत्तर दिलं. मग रांगेत उभी राहून माझ्यासमोर ओंजळ धरली. मी चणे घातले. "मावशी," मी म्हटलं, "माझं चुकलं."

ती चणे घेऊन गेली. त्याला आता सहा वर्षं झाली. दर मे महिन्यात ती आमच्या लदीनला येते, प्रत्येक ओळीला उत्तर देते. माझ्याशी मात्र अजून एक शब्द बोललेली नाही.